तोंडी होकार ते सहीचा कागद: शाळेतल्या फुटबॉलपटूचं कॉलेज कसं ठरतं

गणपतीच्या प्रसादाच्या रांगेत मंडळातल्या एका काकूंनी मला विचारलं, "अगं, तुझा मुलगा कमिट झाला म्हणे! म्हणजे ॲडमिशन झाली ना? फीसुद्धा माफ?" मी म्हटलं, "नाही हो, अजून काहीच झालेलं नाही." काकूंना वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून मी लपवतेय. पण मी खरंच सांगत होते. 'कमिट' होणं म्हणजे नुसता तोंडी होकार: पोराने हो म्हटलं होतं, कोचनेही हो म्हटलं होतं, फोटो टाकून झाला होता, आणि हातात कागद मात्र एकही नव्हता. आपल्या भाषेत सांगायचं तर पसंती कळवली होती, लग्नाच्या याद्या व्हायच्या होत्या.

आम्ही टेक्सासात फ्रिस्कोला राहतो. अमेरिकन फुटबॉलच्या डॅलस काउबॉइज संघाचं मुख्यालय आमच्याच गावात, आणि त्यांच्या बारा हजार आसनांच्या बंदिस्त स्टेडियममध्ये इथल्या सरकारी शाळांचे सामनेही होतात. अशा गावात मूल लहानपणी सॉकर खेळत असलं, की आठवी-नववीत कोणीतरी त्याच्यासमोर तो अंड्याच्या आकाराचा चेंडू ठेवतोच. आमचा मुलगा तसाच किकर, म्हणजे पायाने चेंडू मारून गुण मिळवणारा खेळाडू, झाला. पुढची तीन वर्षं आम्ही दोघं, माहेर सांगली आणि सासर ठाणे, या व्यवहाराची बाराखडी शिकत होतो. ज्यांची मुलं आत्ता नववी-दहावीत आहेत त्यांना ती ठेचा न खाता शिकता यावी, म्हणून हे लिहितेय. नियम दरवर्षी हलतात, तेव्हा प्रत्येक तारीख एनसीएएच्या (कॉलेजांच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेच्या) संकेतस्थळावर एकदा पडताळून घ्याच.

आधी नकाशा

अमेरिकेत नववी ते बारावीत फुटबॉल खेळणारी मुलं दहा लाखांच्या आसपास आहेत. त्यांतली शंभरात सात-आठ कॉलेजात खेळतात, आणि त्यात सगळ्या पातळ्या आल्या. टीव्हीवर दिसतं ते डिव्हिजन वनच्या वरच्या मजल्यावरचं, म्हणजे एफबीएसचं फुटबॉल: अलाबामा, टेक्सास, ओहायो स्टेट धरून सुमारे 135 विद्यापीठं. खालचा मजला एफसीएसचा, आणि आयव्ही लीगची आठही विद्यापीठं तिथेच खेळतात. मग डिव्हिजन टू, जिथे स्कॉलरशिपचे तुकडे करून वाटतात. मग डिव्हिजन थ्री, जिथे खेळासाठी एक डॉलरही मिळत नाही. याशिवाय एनएआयए ही वेगळी संघटना, आणि दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजं.

आपल्या लोकांची पहिली चूक इथेच होते. डिव्हिजन थ्री म्हटलं, की आपल्याला थर्ड क्लास ऐकू येतं. एमआयटी, शिकागो विद्यापीठ, जॉन्स हॉपकिन्स, कार्नेगी मेलन, विल्यम्स, ॲमहर्स्ट ही सगळी डिव्हिजन थ्रीमध्ये फुटबॉल खेळतात. ज्या नावांसाठी आपण मुलांना सहावीपासून गणिताच्या शिकवण्या लावतो, तीच ही नावं.

पायरी 1: नववीतच ट्रान्सक्रिप्ट (शाळेतल्या विषयांचा आणि श्रेणींचा तक्ता) उघडून बसा

हे काम फिल्मच्याही आधीचं. डिव्हिजन वनमध्ये खेळायचं तर एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरने मुलाला पात्र ठरवावं लागतं. त्यासाठी 16 कोअर, म्हणजे मुख्य अभ्यासाचे, विषय लागतात: इंग्रजी चार वर्षं, गणित तीन, विज्ञान दोन, इंग्रजी-गणित-विज्ञान यांतलंच आणखी एक, समाजशास्त्र दोन आणि इतर चार, ज्यात परकीय भाषाही चालते. या 16 विषयांचा जीपीए, म्हणजे श्रेणींची सरासरी, किमान 2.3 हवा, डिव्हिजन टूसाठी 2.2. एसएटी-एसीटी या प्रवेश परीक्षांची अट जानेवारी 2023 मध्ये गेली.

आपल्या मुलांना 2.3 चं काय ओझं, असं वाटेल. पण अडकायला होतं ते दुसरीकडे. बारावी सुरू व्हायच्या आत 16 पैकी 10 विषय पूर्ण झालेले लागतात, त्यांतले सात इंग्रजी, गणित आणि विज्ञान यांतले. आणि बारावी सुरू होताना हे दहा एकदा मोजले गेले, की पुन्हा बसून मार्क वाढवता येत नाहीत. शिवाय शाळेत शिकवला जाणारा प्रत्येक विषय एनसीएएच्या यादीत असतोच असं नाही. शाळेचं नाव टाकलं की ती यादी सेंटरच्या संकेतस्थळावर दिसते. ती छापा, मुलाचा ट्रान्सक्रिप्ट शेजारी ठेवा आणि पेन्सिलने खुणा करा. तासाभराचं काम आहे. आठवीत केलेला अल्जेब्रा वन हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर श्रेणी आणि क्रेडिटसह आलेला असेल, तर तोही धरतात.

जी कुटुंबं मुलगा नववी-दहावीत असताना भारतातून इथे आली, त्यांनी जास्तच जपायला हवं. नववीपासूनच्या प्रत्येक वर्षाच्या निकालाची कागदपत्रं लागतात, मराठीत असली तर इंग्रजी भाषांतरासह. पुण्याच्या किंवा नागपूरच्या शाळेतून नववीचं प्रगतिपुस्तक शिक्क्यासह मागवायला किती हेलपाटे पडतात, ते तुम्ही जाणताच. त्यामुळे ते अकरावीत नाही, आत्ता मागवा. दुसरं म्हणजे नववी सुरू झाल्यापासून चार वर्षांत हे विषय संपवायचे असतात. इथे आल्यावर 'इंग्रजी जरा पक्कं होऊ दे' म्हणून मुलाला एक वर्ष मागे बसवलं, तर त्याचा हिशेब इथे द्यावा लागतो. शाळेच्या काउन्सेलरला हे सगळं ठाऊक असेल असं गृहीत धरू नका. एकेका काउन्सेलरकडे शेकडो मुलं असतात.

एलिजिबिलिटी सेंटरमध्ये सुरुवातीला फुकटचं प्रोफाइल उघडता येतं. ऑफिशियल भेट आणि सही यांच्यासाठी मात्र पैसे भरून सर्टिफिकेशन खातं लागतं.

पायरी 2: फिल्म

कॉलेजचे कोच हडल या सेवेवर फिल्म पाहतात आणि शाळांचे सामनेही तिथेच चढवलेले असतात. हायलाइट फिल्म तीन-चार मिनिटांची पुरे. सर्वांत भारी प्रसंग सगळ्यात आधी ठेवा, शेवटासाठी राखून ठेवू नका; हे काही नाटक नाही, पहिल्या पाच-सहा क्लिपांत मन बसलं नाही तर कोच पुढच्या मुलाकडे वळतो. प्रत्येक क्लिपच्या सुरुवातीला आपला खेळाडू कुठला, ते बाणाने किंवा गोलाने दाखवा. गाणं नको. आमच्या चिरंजीवांनी पहिल्या फिल्मला ढोल-ताशा लावला होता. मला आवडला, पण काढला.

किकरची गोष्ट थोडी वेगळी. शाळेच्या नियमांत फील्ड गोलसाठी चेंडूखाली दोन इंचांपर्यंतचा ठोकळा चालतो. कॉलेजात 1989 पासून तो चालत नाही, चेंडू थेट जमिनीवरून मारावा लागतो. त्यामुळे ठोकळ्यावरून मारलेल्या 50 यार्डांपेक्षा जमिनीवरून मारलेले 42 यार्ड कोचला अधिक सांगून जातात. सरावात ओळीने मारलेल्या दहा किक, न कापता, चुकलेल्यांसकट, अशी वेगळी फिल्मही ठेवा.

पायरी 3: पत्र मुलाने लिहायचं

टेक्सासात राहून, मोठ्या शाळेत खेळून कोच आपोआप दारात येतील, असं आम्हाला वाटायचं. येतात, पण खेळाडूंना गुण देणाऱ्या संकेतस्थळांकडून चार-पाच स्टार मिळालेल्या मुलांच्या दारात. बाकीच्यांनी स्वतः लिहायचं.

जॉश ॲलनचं उदाहरण मी घरी इतक्यांदा दिलं, की मुलगा कानावर हात ठेवायला लागला. कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ नावाच्या शेतीच्या गावातला हा मुलगा. शाळा संपली तेव्हा डिव्हिजन वनची एकही ऑफर नव्हती. रीडली कॉलेज या ज्युनिअर कॉलेजात तो खेळला आणि तिथून देशभरच्या कोचना ईमेल पाठवत राहिला. शेवटी वायोमिंगने घेतला. 2024 च्या हंगामाचा एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक लीगचा, सर्वोत्तम खेळाडू तो ठरला.

ईमेलच्या विषयाच्या ओळीतच सगळं असू द्या: नाव, पास होण्याचं वर्ष, मैदानावरची खेळण्याची जागा, उंची-वजन, जीपीए, गाव आणि राज्य. आत पाच-सहा ओळी, फिल्मची लिंक, शाळेच्या कोचचा फोन. आणि त्याच कॉलेजला का लिहितोय, याचं एक खरं कारण. मुख्य कोचला नव्हे, तर त्या जागेच्या कोचला आणि रिक्रूटिंग, म्हणजे खेळाडूंची निवड, बघणाऱ्याला लिहायचं. आमची यादी चाळीस कॉलेजांची होती: दहा आवाक्याबाहेरची, वीस जमण्यासारखी, दहा हमखास. आणि ईमेल आईबाबांनी लिहायची नाही. कोचला वास येतो. 'प्लीज फाइंड अटॅच्ड' असं लिहिणारा सोळा वर्षांचा मुलगा मी तरी पाहिलेला नाही.

उत्तर आलं नाही तर लगेच हिरमुसू नका. डिव्हिजन वनचे फुटबॉल कोच अकरावीच्या वर्षातल्या 1 सप्टेंबरच्या आधी मुलाला वैयक्तिक मेसेज किंवा ईमेल पाठवू शकत नाहीत. मुलगा मात्र कधीही लिहू शकतो. तारीख उलटूनही काही आलं नाही तर नव्या फिल्मसह पुन्हा लिहायचं, आणि तिसऱ्यांदाही शांतता असेल तर ते नाव खोडायचं.

पैसे घेऊन 'तुमच्या मुलाला आम्ही कॉलेजांपर्यंत पोचवतो' म्हणणाऱ्या सेवा भरपूर आहेत. एकीला आम्हीही पैसे मोजले. त्यांनी एकाच मजकुराची शेकडो ईमेल सोडली आणि एकाचंही उत्तर आलं नाही. मुलाने स्वतः लिहिलेल्या चाळीसपैकी अकरांना उत्तरं आली.

पायरी 4: कॅम्प

जूनमध्ये कॉलेजांच्या मैदानांवर एक-एक दिवसाचे कॅम्प असतात. ज्या कोचने आधी उत्तर दिलंय आणि मुलाची फिल्म पाहिलीय, त्याच कॅम्पला जा. नुसतं छापील आमंत्रण आलं म्हणजे रस आहे असं नाही. ती आमंत्रणं हजारोंनी जातात आणि कॅम्पची फी हे उत्पन्नच असतं. एका दिवसात अनेक कॉलेजांचे कोच जमतात असे मोठे कॅम्पही असतात, आणि छोट्या कॉलेजांच्या नजरेत भरायला ते स्वस्त पडतात.

पायरी 5: ऑफर आली. ती खरी आहे का?

इथे जरा थांबते, कारण सगळी गंमत आणि सगळी फसगत इथेच आहे.

बारावीच्या वर्षाच्या 1 ऑगस्टपूर्वी डिव्हिजन वनचं कॉलेज लेखी ऑफर देऊ शकत नाही. म्हणजे नववी-दहावीतल्या मुलांनी 'धन्य झालो' म्हणत जाहीर केलेल्या सगळ्या ऑफरी तोंडी असतात. तोंडी ऑफर कोणालाच बांधत नाही, ना कॉलेजला ना मुलाला. एकाच जागेसाठी कॉलेज पाच-सहा मुलांना ऑफर देऊन ठेवतं आणि पहिला जो हो म्हणेल त्याला धरतं. कधी ऑफर असते, पण 'आज हो म्हणतो' म्हटल्यावर कोच म्हणतो, "जरा थांब, आधी कॅम्पला ये." त्या जगात याला ऑफर कमिटेबल नाही असं म्हणतात.

म्हणून मुलाने, आईबाबांनी नव्हे, कोचला थेट विचारायचं: "मी आत्ता, या फोनवर हो म्हटलं, तर तुम्ही घ्याल का?" 'हो' याखेरीज दुसरं कुठलंही उत्तर आलं, तर ती ऑफर अजून पिकलेली नाही.

मग पुढचे प्रश्न. या जागेसाठी अजून किती जणांना ऑफर आहे? तुमच्याकडे आत्ता या जागेवर कोण आहे आणि कोणत्या वर्षात? यंदा ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, कोणी आणणार आहात का? पूर्ण स्कॉलरशिप, अर्धी, की प्रिफर्ड वॉक-ऑन?

शेवटच्या शब्दावर आमचं घर दोन आठवडे अडलं होतं. प्रिफर्ड वॉक-ऑन म्हणजे संघात जागा, पण पैसे नाहीत. वर्ष-दोन वर्षांनी स्कॉलरशिप मिळेल अशी आशा, हमी नाही. किकर, पंटर आणि लाँग स्नॅपर अशा फक्त किकच्या वेळी मैदानात येणाऱ्यांना बहुतेकदा हेच देऊ करतात. याला हलकं समजू नका. बेकर मेफील्ड 2013 मध्ये टेक्सास टेकमध्ये वॉक-ऑन म्हणूनच गेला, नंतर ओक्लाहोमातही तसाच, आणि कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी 2017 ची हाइझमन ट्रॉफी त्याला मिळाली. पण मेफील्ड एखादाच, आणि चार वर्षांची फी भरायची आपण.

पोर्टलचा प्रश्न विचारण्यामागेही कारण आहे. 2018 मध्ये ट्रान्सफर पोर्टल आलं, आणि 2021 पासून कॉलेज बदलल्यावर एक वर्ष बाहेर बसायची सक्ती सैल झाली. आता कोचला अठरा वर्षांच्या कच्च्या मुलापेक्षा दुसऱ्या कॉलेजात दोन हंगाम खेळलेला एकवीस वर्षांचा तयार गडी परवडतो. त्यात जून 2025 मध्ये न्यायालयाने खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली. एफबीएसमधली 85 स्कॉलरशिपची जुनी मर्यादा तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांसाठी गेली आणि संघच 105 जणांचा झाला. ऐकायला छान, पण पूर्वी वॉक-ऑन धरून सव्वाशेच्या आसपास मुलं असत. कात्री लागली ती याच कडेच्या मुलांना.

पायरी 6: भेटी

अनऑफिशियल भेट म्हणजे स्वतःच्या खर्चाने, कधीही. ऑफिशियल भेट कॉलेजच्या खर्चाने, अकरावीच्या 1 एप्रिलपासून. 2023 पासून एकूण किती कॉलेजांना जायचं यावर बंधन नाही, पण एका कॉलेजला साधारण एकदाच. सोबत घरच्या दोघांचा प्रवासही कॉलेज देऊ शकतं.

तिथे तुम्हाला झगमगाट दाखवतील: मुलाच्या नावाची जर्सी, दिव्यांचा बोगदा, फोटो. बघा, मजा घ्या. पण दोन गोष्टी स्वतः मागून घ्या. मुलगा ज्या विषयाला जाणार त्या विभागाच्या प्राध्यापकाची भेट. इंजिनीअरिंगच्या प्रयोगशाळा दुपारी असतात, आणि सरावही दुपारीच. आमच्या मुलाला एका ठिकाणी गोड शब्दांत सुचवलं गेलं, की मेकॅनिकलऐवजी एखादा 'सोयीचा' विषय घेतलास तर बरं. ते कॉलेज आमच्या यादीतून त्याच रात्री गेलं. दुसरी गोष्ट, कोच नसताना संघातल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी गप्पा. त्यांना विचारा, दुखापत झालेल्यांचं इथे काय होतं. मुलं खरं सांगतात.

परतीच्या वाटेवर गाडीत आम्ही मुलाला एकच विचारायचो: उद्या गुडघा गेला आणि फुटबॉल संपलं, तर इथे राहशील का? एका नामांकित ठिकाणाहून परतताना तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसला. उत्तर आम्हाला कळलं.

पायरी 7: पैसे आणि व्हिसा

पूर्ण स्कॉलरशिपमध्ये शिकवणीची फी, पुस्तकं, राहणं-खाणं येतं. फी आणि पुस्तकांवर कर नाही. राहण्या-खाण्याच्या भागावर आहे, आणि हे कोणी आपणहून सांगत नाही. आयव्ही लीगमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नाही, कुटुंबाच्या उत्पन्नावरून मदत ठरते. डिव्हिजन थ्रीमध्ये गुणवत्ता किंवा गरज यांवरूनच. खासगी कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च आता 80-90 हजार डॉलरच्या घरात गेलाय, तेव्हा प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावरचं नेट प्राइस कॅलक्युलेटर घरचे खरे आकडे घालून चालवा. दोघं नोकरी करणाऱ्या घरात उत्तर बहुतेक वेळा कडू येतं. ते होकारानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

नाव-प्रतिमा वापरून कमाई करायची मुभा, म्हणजे एनआयएल, 1 जुलै 2021 पासून आहे. हाउस तडजोडीनंतर कॉलेज स्वतःही खेळाडूंना महसुलातला वाटा देऊ शकतं. 2025-26 साठी त्याची मर्यादा एका कॉलेजला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर आहे. त्यातला बराचसा क्वार्टरबॅक (संघाचा खेळ चालवणारा मुख्य खेळाडू) आणि त्यांच्यासारख्यांकडे जातो. पण करार समोर आलाच, तर जेडन राशादा हे नाव आठवा. फ्लोरिडा विद्यापीठाकडून खेळण्यासाठी त्याला 1 कोटी 38 लाख डॉलरचा करार देऊ केल्याचं गाजलं. त्याने डिसेंबर 2022 मध्ये सही केली, पैसे आले नाहीत, जानेवारीत तो मोकळा झाला आणि 2024 मध्ये कोर्टात गेला. कराराचा कागद स्वतःच्या वकिलाने वाचल्याशिवाय सही करायची नाही, मग समोरचा कितीही 'सर' असो.

आता खास आपला प्रश्न. मुलगा एच-4 वर, म्हणजे एच-1बी नोकरदाराच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असेल तर त्याला काम करायची परवानगी नाही. स्कॉलरशिप ही मजुरी नव्हे, ती घेता येते. पण एनआयएल किंवा महसुलातला वाटा ही कमाई ठरू शकते, आणि ती व्हिसाच्या मुळावर उठू शकते; एफ-1 या विद्यार्थी व्हिसावरही हाच पेच. एक टीशर्ट विकून तीनशे डॉलर मिळवण्याच्या नादात ग्रीन कार्डची रांग धोक्यात घालू नका. आधी इमिग्रेशनचा वकील. शिवाय एकविसाव्या वर्षी एच-4 संपतो, म्हणजे कॉलेजच्या मध्यावर व्हिसा बदलायचा. हे कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आधीच विचारा. सरकारी मदतीचा एफएएफएसए फॉर्म एच-4 वाल्यांना उपयोगाचा नाही. आणि आर्मी, नेव्ही, एअर फोर्सच्या ॲकॅडमींना नागरिकत्व लागतं, तिथल्या कोचला ते पहिल्याच ईमेलमध्ये सांगून टाका.

पायरी 8: होकार

सगळं जुळलं, की मुलगा कोचला फोन करतो आणि म्हणतो, "मी येतोय." एवढंच. याला कमिट होणं म्हणतात.

जाहीर करण्याआधी दोन फोन आणखी. एक शाळेच्या कोचला, ज्याने इतकी वर्षं राबवून घेतलं. दुसरे, ज्या कॉलेजांना नाही म्हणायचंय त्यांना. मुलानेच करायचे, मेसेजवर नाही. फुटबॉलचं जग लहान आहे. आज नाकारलेला कोच तीन वर्षांनी दुसऱ्या कॉलेजात असतो, आणि पोर्टलमध्ये त्याचाच फोन यावा असं वाटू शकतं.

डिव्हिजन थ्री आणि आयव्हीमध्ये होकाराचा अर्थ निराळा. तिथे निर्णय कोचचा नसतो, ॲडमिशन कार्यालयाचा असतो. अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात कोच मुलाचा ट्रान्सक्रिप्ट त्यांना दाखवून अंदाज घेतो, त्याला प्री-रीड म्हणतात. हिरवा कंदील मिळाला, की डिव्हिजन थ्रीच्या बऱ्याच कॉलेजांत मुलाला अर्ली डिसिजनने अर्ज करायला सांगतात. तो अर्ज बंधनकारक असतो, म्हणून मदतीचा आकडा त्याआधी कळलेला हवा. आयव्हीमध्ये ऑक्टोबरपासून 'लाइकली लेटर', म्हणजे प्रवेश जवळपास नक्की असल्याचं पत्र, येऊ शकतं, आणि ते हातात पडेपर्यंत पेढे वाटायचे नाहीत. प्री-रीडच्या उत्तरात कोच 'चांगलं दिसतंय' म्हणाला, तर विचारा: नेमकं कोण म्हणालं, आणि तुम्ही माझ्या अर्जाला पाठिंबा देणार आहात का?

पायरी 9: होकार ते डिसेंबर

हे महिने सर्वांत लांब. मुलाचा हंगाम चालू असतो, आणि तिकडे कोचची खुर्ची हलत असते. ऑक्टोबर 2025 मध्ये पेन स्टेटने मुख्य कोच जेम्स फ्रँकलिनला काढलं. तो व्हर्जिनिया टेकला गेला आणि पेन स्टेटला होकार दिलेले बरेच मुलगे त्याच्यामागे गेले. त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला कोच लेन किफिन ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) सोडून एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठाला) गेला, सह्यांच्या तीन दिवस आधी. मुलांनाही दोष देऊ नका. 2021 मध्ये शाळकरी खेळाडूंमधला देशातला पहिल्या क्रमांकाचा ट्रॅव्हिस हंटर फ्लोरिडा स्टेटला कमिट होता आणि सहीच्या सकाळी जॅक्सन स्टेटला गेला. असं फिरण्याला फ्लिप म्हणतात.

म्हणून दुसऱ्या क्रमांकाच्या कॉलेजशी दार बंद करू नका, पण चोरून भेटीही नकोत. दुसरीकडे जायचं मनात आलं तर आपल्या कोचला मुलाने सांगावं. काही कोच तेव्हा ऑफर मागे घेतात, ते गृहीत धरूनच बोलावं. दर दोन आठवड्यांनी आपल्या कोचशी फोन असू द्या. फोन आखडायला लागले, उत्तरं 'बघू' अशी यायला लागली, तर समजा पाणी कुठेतरी मुरतंय. आमच्या बाबतीत ऑक्टोबरात असं झालं. मुलाने सरळ विचारलं, आणि कळलं की पोर्टलमधल्या एका किकरवर त्यांचा डोळा आहे. तेव्हा आम्ही दुसऱ्या क्रमांकाला फोन केला. आज तो तिथेच खेळतोय, मेकॅनिकलच्या प्रयोगशाळेसकट.

आणि टेक्सासवाल्यांनो, 'नो पास, नो प्ले' विसरू नका: एका विषयात 70 च्या खाली गेलात तर मैदानाबाहेर, आणि तो रिकामा काळ कोचला फिल्ममध्ये दिसतो.

पायरी 10: सही

मुलाला कॉलेजशी बांधणारं जुनं सहीचं पत्र, नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, 1964 पासून चालत आलं होतं; ऑक्टोबर 2024 मध्ये ते संपलं. आता सही होते ती खेळाच्या आर्थिक मदतीच्या करारावर. फुटबॉलमध्ये डिसेंबरच्या पहिल्या बुधवारपासून तीन दिवस, आणि राहिलेल्यांसाठी फेब्रुवारीत. सही झाल्यावर इतर कॉलेजांनी मुलाशी संपर्क थांबवायचा असतो.

कागद वाचताना हे शोधा: किती वर्षांची मदत, त्यात नेमकं काय काय, कोणत्या कारणाने ती कमी करता येते, दुखापत झाल्यास काय, आणि महसुलातल्या वाट्याचा करार वेगळा असेल तर तो मुलगा लवकर गेल्यास पैसे परत मागतो का. खेळताना झालेल्या दुखापतीचा खर्च कॉलेज सोडल्यावर किमान दोन वर्षं उचलायची जबाबदारी डिव्हिजन वनच्या कॉलेजांवर आहे. कागदात त्याची पद्धत शोधा. मुलगा अठराच्या आत असेल तर पालकाची सहीही लागते. प्रिफर्ड वॉक-ऑन असेल तर असा करार नसतो, तेव्हा शाळेतल्या टोप्या-केकच्या सोहळ्याला जायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आम्ही गेलो. केक चांगला होता.

सहीनंतरची कामं किरकोळ वाटतात, पण राहून जातात. 1 एप्रिलनंतर एलिजिबिलिटी सेंटरमध्ये अंतिम हौशी-दर्जाची (व्यावसायिक खेळाडू नसल्याच्या प्रमाणपत्राची) विनंती टाकायची. शाळेकडून बारावीचा अंतिम ट्रान्सक्रिप्ट, पास झाल्याच्या नोंदीसह, त्यांनाच थेट पाठवायचा. घरून पाठवलेला चालत नाही. कॉलेजची वैद्यकीय तपासणी जूनआधी करून ठेवा, आणि त्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक दोषाची चाचणी असतेच. विदर्भात, नंदुरबारकडे ज्यांचं मूळ आहे त्यांना तो शब्द नवा नाही. घरात कोणाला असेल तर ट्रेनरला पहिल्याच दिवशी सांगा, कारण टेक्सासच्या ऑगस्टमधल्या उन्हात सराव करताना त्याला ते माहीत असणं गरजेचं आहे.